बाबांच्या बुलेटची ऑइल गळती: काय सापडलं, काय बदललं आणि काय मुद्दाम तसंच ठेवलं

गाडी १९९२ ची बुलेट ३५०. कास्ट आयर्न इंजिनवाली, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक. बाबांनी नवीन घेतलेली, ते गेल्यापासून माझ्याकडे आहे. आम्ही लालबागला राहतो, चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हा खाली पेव्हर ब्लॉकवर एक कोपरा मिळाला, तिथे ती उभी असते. खाली कायम एक पुठ्ठा, कारण थेंब पडायचे. "बुलेट गळत नाही म्हणजे आत ऑइलच नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि इतकी वर्षं त्यावर विश्वास ठेवून बसलो, हे मला आज अजिबात पटत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण जुन्या बुलेटवाल्यांपैकी निम्मे तरी याच रस्त्याने चाललेत असं मला वाटतं.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, पुठ्ठा भिजून फाटला आणि त्यावरचं ऑइल पाण्याबरोबर थेट जिन्यापर्यंत पसरलं. सकाळी तळमजल्यावरच्या काकू दुधाच्या पिशव्या घेऊन येताना घसरल्या. पडल्या नाहीत, रेलिंग हातात आलं म्हणून वाचल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं? त्या मला एवढंच म्हणाल्या, "अरे, तुझे बाबा रोज संध्याकाळी पुसून घ्यायचे रे." बास, त्याच दिवशी ठरवलं की आता नुसतं पॅकिंग मारून भागवायचं नाही, मुळापर्यंत जायचं.

त्याआधीची हिस्ट्री सांगतो, कारण खरं उत्तर त्यातच होतं. गाडी मी रोज चालवत नाही, कधी कधी तीन तीन आठवडे उभी असते. मग बाहेर काढायच्या दिवशी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची, ऑइल खाली दिसायचं, मी अर्धा लिटर टाकायचो. गाडी चालवली की ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइल उडायचं, मागचं चाक आणि पँट खराब. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये हे सांगितलं तर त्यांनी "ठीक करतो" म्हणून गाडी ठेवून घेतली आणि संध्याकाळी दिली, उडणं बंद. मी खूश. पण त्यानंतर दोनेक महिन्यांत सगळीकडून पाझर सुरू झाला, टॅपेटच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) झाकणातून, इंजिनच्या डोक्यावरच्या रॉकर कव्हरमधून, डावीकडे चेन केसमधून (इंजिनकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या चेनची पेटी). परत गेलो तर सगळ्या जॉइंटला सिलिकॉन मारून दिलं. सहा महिने बरं, नंतर पहिल्यापेक्षा जास्त.

यावेळी काळाचौकीच्या मामांकडे गेलो. सगळे त्यांना मामाच म्हणतात, चाळीस वर्षं फक्त बुलेट आणि राजदूत केलेला माणूस, आता गाळा मुलाने घेतला तरी जुनी बुलेट आली की स्वतः स्टूल ओढून बसतात. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, "भाचा, आधी आंघोळ घाल तिला. मळावर मळ बसलाय, गळतंय कुठून ते कसं कळणार?"

तर पहिलं काम रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश. अख्खं इंजिन धुतलं, चिंधीने कोरडं केलं, हवा मारली. मग मामांनी खिशातून पावडरचा डबा काढला, साधी अंगाला लावायची टॅल्कम पावडर, आणि सगळ्या जॉइंटवर भुरभुरली. गाडी पांढरी झाली. "आता शिवडी नाक्यापर्यंत जाऊन ये, हळू." दहा मिनिटांनी परत आलो, सावलीत लावली आणि टॉर्च घेऊन दोघं खाली वाकून बघत बसलो. पांढऱ्या पावडरवर ऑइलची वाट अशी दिसते ना, जणू पेनाने रेघ मारलीय. टॅपेटच्या झाकणाच्या खालच्या कडेला ओलसर चंद्रकोर. वर रॉकरला ऑइल नेणाऱ्या पातळ स्टीलच्या पाइपला, बँजो बोल्टच्या (ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) जरा खाली, केसाएवढी चीर, तिथून ऑइल इंजिन गार ठेवणाऱ्या फिन्सवर ओघळत होतं आणि वाऱ्याने मागे जाऊन गिअरबॉक्सवर टपकत होतं. मी दोन वर्षं समजत होतो गिअरबॉक्स गळतोय! थेंब पडतो तिथे गळती नसते, ऑइल वरून येतं आणि वारा त्याला मागे नेतो, हे मी कितीदा ऐकलं होतं पण बघितलं त्या दिवशी.

पण खरा प्रकार डाव्या बाजूला सापडला. मामांनी क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या पेटीतून) निघालेली ब्रीदरची रबरी नळी बोटांनी चाचपत खाली आणली आणि थांबले. नळीचं तोंड दुमडून त्यावर बाइंडिंग वायर पिळून बांधलेली होती. वरून काळी टेप. उडणारं ऑइल असं "ठीक" झालं होतं.

हे का भयंकर आहे ते सांगतो. या इंजिनाचा बोर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. एकच पिस्टन. तो खाली येतो तेव्हा खालच्या क्रँककेसमधली ३४६ सीसी हवा दाबतो आणि वर जाताना परत ओढतो. उलट चालणारा दुसरा पिस्टन असता तर एक खाली आणि एक वर असं भागलं असतं, इथे तसं काहीच नाही. तीन हजार आरपीएमला हे सेकंदाला ५० वेळा होतं. म्हणून ब्रीदर असतो, आणि नळीच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं चपटं रबरी झडप असतं, हवा बाहेर जाऊ देतं पण आत येऊ देत नाही, त्यामुळे आत कायम जरासा ओढा राहतो आणि पॅकिंगच्या फटीतलं ऑइल आतच थांबतं. माझ्या गाडीत ती वाटच बंद. त्यात पिस्टनच्या रिंगमधून खाली उतरणारा जो थोडाफार गॅस असतो तोही आतच कोंडलेला. मग तो दाब जिथे वाट मिळेल तिथून ऑइल घेऊन बाहेर पडणारच, तुम्ही कितीही भारी पॅकिंग लावा.

डावीकडची चेन केस उघडली तेव्हा हे पक्कं झालं. त्यात साधारण ४२० मिली ऑइल असायला हवं, मी मापाच्या भांड्यात ओतलं तर साडेसहाशेच्या वर, आणि काळं कुळकुळीत. चेन केसचं ऑइल एवढं काळं होत नाही, ते इंजिनचं होतं. क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) डाव्या बाजूचा ऑइल सील दाबाने मागून ढकलला गेला होता आणि इंजिनचं ऑइल चेन केसमध्ये येत होतं, लेव्हल वाढली की मधल्या नटच्या रबरातून बाहेर. कव्हरला मध्ये एकच मोठा नट असतो, गळतंय म्हणून प्रत्येकाने तो आणखी आवळला, त्यामुळे रबर चेपून लादीसारखं झालेलं आणि कव्हरही किंचित वाकलेलं.

आता प्रश्न राहिला की मुळात नळीतून ऑइल उडत का होतं. मामांनी विचारलं, "डिपस्टिक कधी बघतोस?" मी म्हटलं गाडी काढायच्या आधी. ते नुसतं मान हलवत बसले. कास्ट आयर्न बुलेट ड्राय संप आहे, म्हणजे ऑइलची टाकी वेगळी (क्रँककेसच्याच ओतीव कामात मागच्या बाजूला, म्हणून बाहेरून कळत नाही), एक पंप टाकीतलं ऑइल इंजिनला देतो आणि दुसरा खाली साठलेलं उचलून परत टाकीत टाकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि देणाऱ्या पंपाची चकती झिजलेली असली की टाकीतलं ऑइल हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिक रिकामी दिसते, पण ऑइल कुठेच गेलेलं नसतं, फक्त खोली बदललेली असते. मी वरून अर्धा लिटर टाकायचो, म्हणजे टाकी भरलेली आणि क्रँककेसही भरलेला. किक मारली की क्रँक त्या ऑइलच्या डबक्यात फिरणार आणि ब्रीदरमधून कारंजं. योग्य पद्धत अशी की गाडी आधी चालवून आणायची, बंद करायची, दोन-चार मिनिटांत डिपस्टिक बघायची.

खात्री करायला गाडी तीन आठवडे हलवली नाही आणि मग खालचा क्रँककेसचा ड्रेन प्लग काढला (खाली टाकीचा प्लग वेगळा आणि क्रँककेसचा वेगळा आहे, घाईत चुकीचा काढू नका). पाण्याच्या बाटलीत मोजलं, ४०० मिलीच्या जरा वर. साधारण सव्वादोन लिटरच्या सिस्टिममधलं एवढं ऑइल नको त्या जागी बसलेलं होतं.

म्हणजे साखळी अशी होती, पंप झिजला म्हणून ऑइल खाली उतरलं, ते उतरलं म्हणून मी वरून टाकलं, जास्त झालं म्हणून ब्रीदर उडाला, उडाला म्हणून त्याचं तोंड बांधलं, बांधलं म्हणून सगळे जॉइंट फुटले, आणि फुटले म्हणून सिलिकॉन आलं. आणि या सिलिकॉनने काय केलं ते उजवी बाजू उघडल्यावर दिसलं, मला आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

टायमिंग कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून मामांनी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचला. कव्हर निघालं. आधी फिल्टरची खोली बघितली, नमद्याचा फिल्टर काढला तर त्याच्या घड्यांमध्ये लाल लाल सिलिकॉनचे शेवेसारखे तुकडे अडकलेले. जॉइंट आवळला की जास्तीचं सिलिकॉन बाहेर येतं ते आपल्याला दिसतं, ते बोटाने पुसतो, पण तेवढंच आतही येतं आणि ते पुसायला कोणी नसतं. सुटून ऑइलबरोबर फिरतं. फिल्टरने अडवलं म्हणून वाचलो, त्यातला एखादा तुकडा ऑइलच्या बारीक भोकात बसला असता तर संपलं असतं.

आणि दुसरं त्याहून वाईट. ऑइल क्रँकच्या टोकातून आत, बिग एंडपर्यंत (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथपर्यंत) जातं, त्यासाठी आतून पोकळ असा क्विल बोल्ट असतो आणि त्याच्याभोवती कॉर्कचा छोटा सील. तो सील हातात घेतला तर भिजलेल्या बिस्किटासारखा कुस्करला. तो सील गेला की ऑइल क्रँकमध्ये जायच्या आधीच बाजूने निसटतं आणि परत खाली पडतं. बाहेर एक थेंब दिसत नाही! पुठ्ठा कोरडा, काकू खूश, आणि आत बिग एंडचा बुश तहानलेला. मी इतकी वर्षं जमिनीवरचे थेंब मोजत होतो आणि इंजिन मारणारी गळती ही आतली होती. मामांनी स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टनवर लाकडी काडी टेकवून क्रँक इकडे-तिकडे हलवून बघितला, कुठे टक लागतंय का, काडीवर कान ठेवून. मी श्वास रोखून उभा होतो. नाही लागलं. बिग एंड शाबूत. बाबा गाडी कधी दामटायचे नाहीत, त्याचंच हे पुण्य असणार असं मला मनापासून वाटतं.

पुढचे चार रविवार दुरुस्तीत गेले. पंपाच्या चकत्या बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून त्यांच्या जागेवरच बोटाने गोल गोल फिरवत बसवल्या, धुवायच्या, बघायच्या, परत फिरवायच्या, जोपर्यंत अख्ख्या चकतीवर एकसारखा राखाडी रंग येत नाही तोपर्यंत. पेस्टचा कणही आत राहता कामा नये म्हणून पेट्रोलने तीनदा धुतलं. रॉकर कव्हर आणि टॅपेटचं झाकण, दोन्ही आवळून आवळून वाकलेली होती, जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठाच्या आकारात घासली. पहिल्या दोन मिनिटांत फक्त बोल्टच्या भोकांभोवती चमक आली, मधला भाग काळाच, म्हणजे झाकण केवढं वाकलं होतं बघा. ते आधी सपाट न करता नवीन पॅकिंग लावलं असतं तर आठवड्यात परत पाझर. सगळी पॅकिंग कागदाची, फक्त हलकं ग्रीस लावून. सिलिकॉन कुठेही नाही. तांब्याचे वॉशर नवीन मिळतातच, पण दोन साइझ मिळेनात तेव्हा जुनेच घरी आणले, गॅसवर चिमट्यात धरून लाल केले आणि पाण्यात टाकले, तांबं असं केलं की मऊ होतं आणि परत नीट बसतं. आईने आधी विचारलं स्वयंपाकघरात हे काय चाललंय, मग बाबांच्या गाडीचं आहे म्हटल्यावर स्वतः चिमटा धरून उभी राहिली.

आता अपग्रेडचं. इंजिन उघडलंय तर काय काय करावं, यावर गाळ्यात येणारा प्रत्येक जण सल्ला देत होता. डिस्क ब्रेक लाव, सेल्फ लाव, एकाने तर हे इंजिन काढून नवीन पद्धतीचं इंजिन बसव म्हणून सांगितलं (इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो, आरटीओत नोंद करावी लागते, ते सोडाच, पण मग ती बाबांची गाडी कशी राहणार). मी माझ्यासाठी एक हिशोब ठेवला, जे उघडलंय तिथलंच बदलायचं, आणि ज्याने या साखळीतली एखादी कडी कायमची तुटते तेच.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं ब्रीदर. नवीन जाड नळी, नवीन चोचीचं झडप, आणि नळी मागच्या चाकाकडे न सोडता टूलबॉक्सच्या मागे बसवलेल्या छोट्या अॅल्युमिनियमच्या डब्यात. आता जे काही दवासारखं येतं ते डब्यात जमतं, महिन्यातून एकदा ओतून टाकतो. रस्त्यावर नाही, अंगणात नाही. पावसाळ्यात मुंबईत मागच्या चाकावर ऑइल म्हणजे एखाद्या पुलाच्या उतारावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

रॉकरचा तो चीर गेलेला स्टीलचा पाइप काढून जाळीदार लवचिक पाइप घातला. सिंगल सिलिंडर थरथरतोच, कडक पाइप ती थरथर बँजोजवळ साठवतो आणि तिथेच तुटतो, लवचिक पाइप ती पोटात घेतो. क्विल बोल्टचा कॉर्क जाऊन निओप्रीनचा सील आला, हे सगळ्यात स्वस्त काम आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. ड्रेन प्लग चुंबकवाला.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर मात्र मी दोन रविवार अडकलो. पॉइंटच्या (उघड-बंद होऊन ठिणगी पाडणाऱ्या संपर्काच्या) डबीत ऑइल शिरत होतं, त्यामुळे पॉइंट जळायचे, गाडी किकला त्रास द्यायची. पण पॉइंटची एक मजा आहे, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायचा आणि टायमिंग लावताना हेडलाइटवरचा अँपिअर मीटर बघायचा, पॉइंट उघडला की काटा टिचकीसारखा हलतो. बाबांनी मला हे शिकवलं तेव्हा मी सहावीत होतो, मी काट्याकडे बघून "आत्ता!" ओरडायचो आणि ते स्क्रू आवळायचे. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये ते जातं. शेवटी किट लावलंच, कारण रात्री कर्जत-खोपोलीच्या रस्त्यावर बंद पडणारी गाडी मला परवडत नाही, पण पॉइंटची पूर्ण प्लेट कंडेन्सरसकट कापडात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवलीय, किट गेलं तर अर्ध्या तासात परत बसते.

स्टीलच्या अॅलन बोल्टचा सेट दिसायला छान होता, पण मी फक्त टायमिंग कव्हरलाच घातला. अॅल्युमिनियममध्ये अॅलन बोल्ट आवळताना हाताला जोर कळत नाही आणि आटे जातात. एका भोकाचे आटे आधीच कुणीतरी घालवलेले होते, तिथे स्प्रिंगसारखी आट्याची कॉइल बसवून घ्यावी लागली.

सगळं जुळवल्यावर लगेच किक नाही मारली. फिल्टरची खोली आधी ऑइलने भरली, स्पार्क प्लग काढून डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून वीसेक किक, मग रॉकरचा बँजो जरा सैल करून बघितलं, पाचव्या-सहाव्या किकला ऑइल पाझरत वर आलं. नंतर प्लग लावून चालू केली आणि ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला, परत येणारं ऑइल थांबून थांबून टपकताना दिसलं तेव्हा मामा पहिल्यांदा हसले. टॅपेट थंड इंजिनवर लावले, पुशरॉड दोन बोटांनी फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये.

खर्च सगळा मिळून साडेअकरा हजार, त्यात इग्निशनचं किट आणि मामांची मजुरी धरून. मामांनी मजुरी कमीच घेतली, पण मी चार रविवार हाताखाली होतो.

ऑगस्टमध्ये तिला घेऊन वाशी, पनवेल करत जुन्या पुणे रस्त्याने खोपोलीपर्यंत जाऊन आलो. खोपोलीला वडापाव खाईपर्यंत खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. कोरडं. घरी आल्यावर परत पावडर मारली, सकाळी बघितलं, टॅपेटचं झाकण पांढरं, रॉकर कव्हर पांढरं, चेन केस पांढरी. मग मुद्दाम तीन आठवडे उभी ठेवून क्रँककेसचा प्लग काढला, बाटलीत ८० मिली आलं. एवढं चालतं.

पुठ्ठा अजून काढलेला नाही. किकच्या शाफ्टमधून गिअरबॉक्सचं ग्रीस मिसळलेलं घट्ट ऑइल आठवड्याला एखादा थेंब येतं, तिथला बुश झिजलाय. तो बदलायला गिअरबॉक्स उघडावा लागतो आणि किकचा खटकाही अधूनमधून निसटतो, तर दोन्ही एकदमच करू असं मामांशी बोलून ठेवलंय, दिवाळीनंतर. तोपर्यंत रोज संध्याकाळी चिंधी घेऊन खाली जातो आणि पुसून येतो.